आठ खडे

१

आनंदरावांचा दिवस पाच वाजता सुरू होई. नळ आला की पाणी भरायचं, अंगण झाडायचं, चहा ठेवायचा आणि चहा उकळेपर्यंत ओल्या फडक्याने घराचं दार पुसायचं. दार सागाचं होतं. लकडगंजातल्या आरामशीनवर, लाकूड कापण्यात, चाळीस वर्षं मिस्त्री म्हणून काढली, त्यात एकदाच मालकाकडून लाकूड मागून घेतलं, ते या दारासाठी. फळ्या स्वतः रंधल्या, कडी स्वतः बसवली. इतक्या वर्षांत दाराला फट म्हणून पडली नाही. घरालाही पडली नाही, असं आनंदराव चारचौघांत सांगत.

कौसल्याबाई कॅनडाला गेल्या होत्या. सून बाळंत व्हायची होती. पाहुणीचा व्हिसा होता, सहा महिन्यांचा. परतीच्या तारखेला आनंदरावांनी कॅलेंडरवर लाल गोल केला होता आणि गोलाकडे बघत नाही असं दाखवत ते रोज त्याच्याकडे बघत. अठरा दिवस उरले होते, तेव्हा रविवारी सकाळी अश्विनचा फोन आला. तोंडासमोर धरायचा, चेहरे दिसणारा.

"बाबा, आईचा व्हिसा वाढवून राहिलो. अजून सहा महिने."

"काहून?"

"गार्गी लहान आहे ना. नंदिनीची सुट्टी संपून राहिली. पाळणाघरात नंबर लागत नाही इथं." मग जरा थांबून, "तुमचं तिकडं अडत तर नाही ना?"

अडत होतं. खिचडी खाऊन खाऊन जीभ मेली होती. पाठीला तेल लावायला हात पुरत नव्हता. संध्याकाळी दिवा लावला की घर इतकं मोठं व्हायचं की दोन खोल्यांतून चालायला नको वाटे. कौसल्याबाई मागे उभ्या होत्या, नातीला खांद्यावर घेऊन. नुसतं बघत होत्या. प्रश्न खरा त्यांचाच होता, हे आनंदरावांना कळलं. कळून न कळल्यासारखं करणं त्यांना आयुष्यभर जमत आलं होतं.

"माझं काय अडते?" ते म्हणाले. "मी कोणाच्या हातचं खातो काय?"

कौसल्याबाई नातीला घेऊन बाजूला झाल्या.

"मग तुमचं एक पत्र लागते," अश्विन म्हणाला. "मीच लिहून दुर्गेशकडं पाठवतो. तुम्ही फक्त सही करा."

दुर्गेशचं ऑनलाइन सेंटर कोपऱ्यावर होतं. सोमवारी आनंदराव धुतलेला सदरा घालून गेले. दोन कागद निघाले. एक इंग्रजी पत्र आणि एक कसल्यातरी जुन्या कागदाची काळपट नक्कल.

"काका, वाचून दाखवू?"

"मले डोळे नाहीत काय?"

आनंदराव चौथी शिकले होते, तेही मराठी. त्यांनी पत्र हातात धरलं. माणसाला वाचायला लागेल तितका वेळ डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले. दुसऱ्या कागदाला चष्मा काढावा लागला असता, म्हणून तो नुसता उलटला. आणि खाली सही केली, ठळक, मराठीत.

दुर्गेशने कागद यंत्रावर ठेवले. "बरं आहे काका, घरी माणूस आहे म्हणून. नाहीतर या वयात एकटं राहणं म्हणजे..."

हा काय बोलतोय ते आनंदरावांना उमगलं नाही. विचारावं, तर वाचलं नाही हे उघडं पडलं असतं.

"हाव," ते म्हणाले. "आहे ना."

२

मंगळवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या कट्ट्यावर एक खडा होता.

तांदळात निघतो तसला, पांढरट, दाण्याएवढाच. आनंदरावांनी तो बोटाने ढकलून खाली पाडला. बुधवारी दोन होते. शेजारी शेजारी, अंतर राखून ठेवलेले.

त्यांनी तांदळाचा डबा उघडला. ते तांदूळ निवडत नसत. धुवायचे आणि कुकरला लावायचे, दाताखाली खडा आला तर थुंकायचा. पण डब्यातले तांदूळ निवडलेले होते. ओंजळ भरून उजेडात नेली. एक कणी नाही, एक टरफल नाही.

कौसल्या जाताना निवडून गेली असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. पण हे तांदूळ मागच्या पंधरवड्यात त्यांनीच आणले होते. मग आपणच निवडले असतील. सत्तरी उलटली, माणूस विसरतो. माणूस काय काय करतो आणि विसरतो.

गुरुवारी जेवून ते बाहेरच्या खोलीत पाटावर डोकं टेकून आडवे झाले. डोळा लागत होता, आणि आत सूप वाजायला लागलं.

तो आवाज दुसऱ्या कशाचा असू शकत नाही. आधी सर्र, मग थप, मग बोटांनी चाळवल्याची बारीक खसखस. आनंदराव आढ्याकडे बघत पडून राहिले. शेजारच्या घरचा आवाज असेल. दुपारी भिंती आवाज इकडचा तिकडे करतात. लाकडात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला आवाज कुठून येतो हे कळतं, हेही त्यांना माहीत होतं. म्हणून ते उठले नाहीत. उठून बघणारा माणूस वेडा ठरतो, आणि न बघणारा भित्रा. भित्रा ठरलेला निदान कोणाला दिसत नाही.

आवाज थांबल्यावर ते आत गेले. सूप खिळ्यावर टांगलेलं होतं. साडेपाच महिने कोणी हात लावला नव्हता, आणि त्याच्यावर धूळ नव्हती. स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर त्यांचा तळवा चुकून टेकला. दगडी उंबरठा. बाकी फरशी गार होती. उंबरठ्याचा डावा कोपरा, माणूस बसतो तेवढाच, कोमट होता.

शनिवारी सकाळी ते दार पुसत होते, तेव्हा शेजारची सून काजल वाळवण घालता घालता कुंपणावरून म्हणाली, "काका, पाहुणे आले वाटते तुमच्याकडं?"

"कोण पाहुणे?"

"मले काय माहीत? दुपारी सूप वाजून राहते ना रोज. म्हटलं, काका कधीपासून तांदूळ पाखडायले लागले!" ती हसली. "काकू नाहीत तं चांगलेच सुधारले बा तुम्ही."

"कोणी नाही," आनंदराव जोरात म्हणाले. "माझ्या घरी कोणी नाही वं."

तेव्हा दोघांनाही कळलं की आत सूप वाजत होतं. कारण ते थांबलं.

काजलचं हसू तोंडावर तसंच राहिलं. तिने रिकामं ताट उचललं आणि घरात गेली.

३

रविवारी कट्ट्यावर सहा खडे झाले. आनंदराव दुर्गेशकडे गेले. दुकानात दुसरं कोणी नाही असं पाहून त्यांनी खालच्या आवाजात सांगितलं, "ते पत्र वाच. मराठीत सांग."

आयुष्यात त्यांनी कोणाला असं काही सांगितलं नव्हतं. कानाच्या पाळ्या तापल्या. पण दुर्गेश भला माणूस. त्याने वर न बघता वाचलं.

"मी आनंदराव, वय एकाहत्तर. माझी तब्येत ठीक आहे. माझी पत्नी आणखी सहा महिने मुलाकडे राहिली तर माझी हरकत नाही. माझी धाकटी बहीण प्रेमलता माझ्यासोबत माझ्या घरी राहते. ती माझं सगळं करते. पुरावा म्हणून रेशन कार्डाची प्रत जोडली आहे." त्याने दुसरा कागद पुढे केला. "हे पाहा, नाव आहे आत्याचं. अश्विनने जुन्या कार्डाचा फोटो पाठवला होता. काय झालं काका? पाणी देऊ?"

आनंदराव पाणी न पिता निघाले.

प्रेमलता कामठीत दिली होती. नवरा पॉवरलूमवर होता. तो गेला, मूलबाळ नव्हतं, सासरी तिचं ताट बाजूला झालं. एक दिवस ती शेअर ऑटोने आली, खांद्याला चौकड्याची पिशवी, मागावरच्या उरल्यासुरल्या कापडाची, तिनेच शिवलेली. अश्विन तेव्हा बारा वर्षांचा होता.

"पाहुणा आठ दिवसांचा," आनंदराव तिला दारातच म्हणाले होते. त्यांचा तो नियम होता आणि नियमाचा त्यांना अभिमान होता.

तिने पिशवी कधी सोडली नाही. कपाटात जागा मागितली नाही. पिशवी दाराजवळच्या खुंटीला असे, त्यातूनच एक लुगडं काढायची, धुवायची, त्यातच ठेवायची. खाटेवर बसायची नाही. दुपारभर स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या डाव्या कोपऱ्यात बसून तांदूळ निवडायची, आणि रोज एक खडा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची. आठ झाले की पिशवी खांद्याला अडकवून आतल्या दारात उभी राहायची.

"दादा, आठ दिवस अजून राहू का?"

एकदा हो म्हटलं. दुसऱ्यांदाही म्हटलं. मधल्या काळात तिचं नाव रेशन कार्डावर चढवून घेतलं, धान्य वाढून मिळेल म्हणून. तिसऱ्यांदा ती उभी राहिली तेव्हा बाहेरच्या खोलीत आरामशीनवरची दोन माणसं बसली होती. त्यांच्यासमोर बहिणीने राहायला मागावं, याची आनंदरावांना लाज वाटली.

"झाले आठ," ते म्हणाले.

"राहू द्या ना," कौसल्याबाई आतून म्हणाल्या. "काय खाते ती?"

"मी एकदा बोललो."

प्रेमलताने खडे ओंजळीत गोळा केले, पिशवीत टाकले आणि गेली. चार महिन्यांनी कामठीहून एक माणूस आला. बाई तापाने फणफणली आहे, तुमचं नाव घेते, म्हणाला. आनंदराव दार पुसत होते. कोणत्या तोंडाने जायचं हे सुचेना, आणि तोंड नाही हे सांगता येईना.

"असं कोणी इथं राहत नाही," ते म्हणाले.

माणूस गेला. तिसऱ्या दिवशी बातमी आली. कार्डावरचं नाव मात्र पुढे कितीतरी वर्षं राहिलं. तिच्या वाट्याचे तांदूळ दर महिन्याला घरी येत. कौसल्याबाई ते शिजवत, आणि आनंदराव खात.

४

आठव्या दिवशी, मंगळवारी, त्यांनी घर सोडलं. नळाचं पाणीसुद्धा भरलं नाही. दाराला बाहेरून कुलूप घातलं आणि आरामशीनवर जाऊन बसले. गोविंदा मिस्त्री त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याने खुर्ची पुसून दिली, चहा सांगितला.

"काकू आल्या काय, भाऊ?"

"नाही. मुदत वाढवून राहिले."

"मग घरी कोण?"

पातं फिरत होतं, भुसा उडत होता. आनंदरावांनी ऐकलं नाही असं केलं. दुपारी गोविंदाने आपल्या डब्यातलं अर्धं दिलं. तांदूळ दाताखाली करकरला, तेव्हा त्यांना पहिल्यांदा बरं वाटलं.

पण माणूस किती वेळ दुसऱ्याच्या खुर्चीवर बसणार? सहाच्या सुमारास, उन्हं खाली आल्यावर, ते गल्लीत शिरले. कुलूप उघडलं. दार ढकललं.

दार आतून लावलेलं होतं.

त्यांनी पुन्हा ढकललं. कडी त्यांनीच बसवली होती. ती आपोआप पडत नाही. ती पाडावी लागते. कुंपणापलीकडून काजल बघत होती. तिने मान फिरवली. गल्लीत अजून दोघं-तिघं होते. आनंदराव आपल्या हाताने केलेल्या दारासमोर उभे राहिले आणि स्वतःच्या घराची कडी त्यांनी बाहेरून वाजवली. दोनदा. परक्यासारखी.

आत पावलांचा आवाज आला नाही. नुसती कडी वर सरकली, सावकाश, आणि फळी बोटभर आत गेली.

खोलीत कोणी नव्हतं. कट्ट्यावर आठ खडे होते. स्वयंपाकघराच्या चौकटीत, नजर नीट टाकली की काही नव्हतं. नजर काढली की डोळ्याच्या कोपऱ्यात खांद्याच्या उंचीवर चौकड्या दिसत. निळ्या-पांढऱ्या. कोणीतरी उभं होतं आणि थांबलं होतं. घाई नव्हती.

आनंदरावांनी फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"अश्विन, ते पत्र परत घे. खोटं आहे ते."

"बाबा, हळू. काय झालं?"

"तुझ्या आईले पाठव."

"अहो, अर्ज गेला. आता आपणच खोटं म्हटलं तर आईला पुन्हा इकडं येऊ देणार नाहीत. नातीचं तोंड फोनवरच पाहावं लागंल तिले." अश्विनचा आवाज उतरला. "चुकलं माझं. एक नाव पाहिजे होतं, कार्डावर होतं ते टाकलं. तुम्ही म्हणत असाल तर खरं लिहून टाकतो, होईल ते होईल. फक्त एकदा स्पष्ट सांगा. तुम्ही एकटे आहात. घरी कोणी राहत नाही. सांगा, मी लिहितो."

सोपं होतं. चार शब्द. ते म्हटले की कौसल्या येणार होती.

आनंदरावांनी तोंड उघडलं. आणि चौकटीत जे उभं होतं ते ऐकायला जरासं पुढे झुकलं.

असं कोणी इथं राहत नाही. तेच शब्द, तेच दार. कामठीहून आलेला माणूस हे ऐकून नुसता मान हलवून गेला होता. जाताना त्याने त्या पुसलेल्या दाराकडे एकदा पाहिलं होतं. ती नजर आनंदराव इतकी वर्षं रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत होते. ती निघाली नव्हती.

"बाबा? आहात का लाइनवर?"

"आहे," आनंदराव म्हणाले. "ती आहे. घरीच आहे. राहू दे तिले."

पलीकडे अश्विन सुटल्यासारखा हसला. "बस बाबा, असंच सांगायचं. कोणी फोन करून विचारलं तरी असंच."

फोन ठेवून त्यांनी चौकटीकडे सरळ पाहिलं. "राहा," ते म्हणाले. "प्रेमा, राहा. दिवस मोजू नको आता."

चौकट रिकामी होती. त्यांनी कुकर लावला, आणि कधी नव्हे ती दोन ताटं घेतली.

५

सकाळी कट्ट्यावर एकही खडा नव्हता.

आनंदराव त्या स्वच्छ कट्ट्याकडे बघत राहिले, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. द्यायचा राहिलेला शब्द दिला, ती गेली, असं त्यांना वाटलं. अंगण झाडलं. चहा ठेवला. फडकं ओलं करून दाराकडे गेले, तेव्हा पिशवी दिसली.

दाराजवळच्या खुंटीला. चौकड्याची. भरलेली, गाठ मारलेली.

म्हणजे निघायची आहे. आनंदरावांनी फडकं खाली ठेवलं. माहेराहून निघालेल्या बहिणीला रिकामं पाठवायचं नसतं. तेव्हा पाठवली होती. आता काहीतरी घालावं म्हणून त्यांनी पायलीभर तांदूळ काढले, निवडलेले, तिचेच, आणि पिशवीची गाठ सोडली.

वर हिरवं लुगडं होतं. ते त्यांनी ओळखलं. अश्विनच्या लग्नात घेतलेलं. त्याखाली जांभळं, रोजचं. मग कौसल्याबाईंचा जुना चष्मा, रुमालात गुंडाळलेला. गुडघ्याला लावायचं तेल. त्यांची फणी, दोन पांढरे केस अडकलेली. सगळं घडी घालून, काळजीने, एकावर एक बसवलेलं. जाणाऱ्या माणसाचं काही मागे राहू नये तसं. तळाशी आठ खडे होते.

तांदूळ त्यांच्या हातातून सांडले.

कपाट आतल्या खोलीत होतं. कौसल्याबाईंचा कप्पा मधला. कपाटाचं दार अर्धं उघडं होतं, आणि कप्पा इथूनही दिसत होता. तो रिकामा नव्हता; प्रेमलताचं लुगडं तिथं घडी घालून ठेवलेलं होतं.

फोन वाजला. कौसल्याबाई होत्या. तिकडे रात्र, चेहऱ्यावर अंधार, आवाज कुजबुजता.

"अहो, सगळे झोपले म्हणून केला. ऐका ना. मले नाही राहायचं इथं. पोरगी गोड आहे, पण माझं मन नाही लागून राहिलं. अश्विनले मी कसं सांगू? तुमी सांगा." त्या थांबल्या. मग वेगळ्याच सुरात बोलल्या. तो सूर त्यांच्या बायकोचा नव्हता. उंबरठ्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचा होता.

"आठ दिवसांत येऊ का हो मी?"

आपल्याच घरी यायला ती विचारत होती. ये, एवढंच म्हणायचं होतं.

स्वयंपाकघरात सूप वाजायला लागलं. सर्र. थप.

"सूप कोण वाजवून राहिलं?" कौसल्याबाई म्हणाल्या. "अहो? कोण आहे घरी?"

उत्तरासाठी आनंदरावांनी मान वळवली, स्वयंपाकघराकडे. उंबरठ्याच्या डाव्या कोपऱ्यातून एक हात वर आला, सुकलेला, कोपरापर्यंतच दिसणारा. त्याने खिडकीच्या कट्ट्यावर एक खडा ठेवला, नेमका, आवाज न करता, आणि पुन्हा खाली गेला.

कौसल्याच्या आठांतला पहिला.